ग्राहकाची खुर्ची

"हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही," मी म्हटलं.

"तुमचं कधी वाटलंय, जादुओंग?" ओडेरा म्हणाला. मोटरसायकलवर भाडी मारणारा हा माणूस मला जादुओंग, म्हणजे वडीलधारा म्हणतो, पण अशा सुरात की त्यापेक्षा शिवी बरी. "मागल्या खेपेला तुमच्या ट्रकसमोर पाणघोडा आडवा आला होता आणि त्याने टोल मागितला होता."

"टोल नाही, मासे. नीट ऐकत जा."

टपरीवरचे सगळे हसले. अकेयो कढईत मंडाझीचे गोड वडे सोडत होती, ती हसली नाही. मी जिची गोष्ट सांगणार होतो, त्याच पंपांच्या कंपनीत ही बाई पूर्वी चहा करायची, हे मला ठाऊक होतं. पण तेलाच्या आवाजात तिला मागचं काही ऐकू येत नाही अशी माझी समजूत होती. म्हणून मी बिनधास्त सुरुवात केली.

कंपनीचं नाव सांगत नाही. शेताला पाणी द्यायचे पंप विकायची, इथे किसुमूतच. मी त्या पंपांची खोकी ट्रकमधून आणायचो. तिथे एकदा नवे मोठे साहेब आले, रादिंग. बाप आपल्याकडचा, पण पोरगा नैरोबीत वाढलेला, परदेशात शिकलेला. बूट इतके चकचकीत की ऑफिसातल्या बायका त्यांत पाहून डोक्याचं फडकं नीट करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं.

"आजवर या कंपनीत मी साहेब, तो साहेब, असे पुष्कळ साहेब झाले," ते म्हणाले. "आजपासून साहेब एकच. ग्राहक. त्याचं शेत पिकलं तर आपण पिकलो. विक्री, स्टोअर, वर्कशॉप, सगळ्यांनी तोंडं त्याच्याकडे करायची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उन्हात उभं राहिलं की माणूस लवकर टाळ्या वाजवतो.

मग साहेबांनी एक खुर्ची आणवली. लाल मखमलीची, उंच पाठीची. मीटिंगच्या टेबलाच्या डोक्याशी ती मांडली आणि रिकामी ठेवली. म्हणाले, "इथे ग्राहक बसलाय असं समजून प्रत्येक शब्द बोलायचा."

आता नैरोबीत वाढलेल्या माणसाला कोण सांगणार? आपल्याकडे डोक्याशी रिकामी ठेवलेली खुर्ची कुणाची असते? गेलेल्या बापाची. तिच्यात कुणी बसत नाही, तिच्या पुढ्यातून कुणी जात नाही, तिच्यासमोर आवाज चढवत नाही. मीटिंगला सगळे आत आले आणि खुर्ची बघून गप्प झाले. स्टोअरकीपरने टोपी काढली. हिशेबातली बाई हळूच डोळे पुसायला लागली. मीटिंग संपल्यावर वर्कशॉपचा मुख्य ओतुला साहेबांच्या जवळ गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, मातीला कधी जायचं?"

"कुणाच्या?"

"ग्राहकाच्या."

दुसऱ्या दिवशी कामगारांनी वर्गणी काढली. माती म्हटली की जेवणाला बैल हवा, तंबू हवा, माणसांना नेआण करायला गाडी हवी. पैसे पाकिटात घालून साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांना वाटलं, काय ही निष्ठा. त्यांनी त्या पैशांतून खुर्चीला झालर लावून घेतली.

"हे मात्र खोटं," ओडेरा म्हणाला.

"झालर मी माझ्या हाताने चाचपून पाहिली आहे. पिवळी होती."

तर त्या खुर्चीसमोर कुणी धड तोंड उघडेना. भाव काय ठेवायचा, माल कधी मागवायचा, सगळं हळू आवाजात, मान खाली घालून. साहेब वैतागले. म्हणाले, "तुम्हाला रिकामी खुर्ची झेपत नसेल तर तिच्यात माणूस बसवू. रोज, प्रत्येक मीटिंगला. तो ग्राहक." पण बसणार कोण? ज्याचा बाप जिवंत, तो बसला तर बापावर यायचं. ज्याला मुलगे, तो बसला तर आपण मेलो असं मुलांना सांगितल्यासारखं. एकेक जण हात जोडून मागे सरकला, आणि शेवटी राहिला गेटवरचा वॉचमन न्यांगवेसो. त्याला बाप नाही, मूल नाही, बायको कधीच गेलेली. एक धाकटी बहीण तेवढी, आपोन्दी, तळ्याच्या काठाला टोमॅटो लावणारी.

न्यांगवेसो म्हणजे साधा माणूस. गेट उघडायचं आणि लावायचं, यात त्याचा जन्म गेला. पण उघडताना प्रत्येकाशी दोन शब्द. गाय व्याली का, सुनेचं कसं आहे, पंप नीट ओढतो का. त्याला तेवढंच सुख. तोही नको म्हणाला. साहेब म्हणाले, "नको तर नको. पण गेटवर मी नवा माणूस घेतलाय." मग तो बसला.

आणि तो बसला त्या दिवसापासून त्याच्याशी कुणी बोलेना. मेलेल्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी काय बोलणार? त्याच्यापुढे चहा ठेवायचे तो हात लांब करून, नजर जमिनीवर. तो विचारायचा, "काय रे ओतुला, पोरगी उजवली का?" ओतुला भिंतीकडे बघायचा.

साहेबांना यातलं काही दिसलं नाही. त्यांनी तीन फळ्या रंगवून घेतल्या. एकीवर हसरा चेहरा, एकीवर सरळ, एकीवर रडका. मीटिंगच्या शेवटी न्यांगवेसोने एक फळी उचलायची. त्या फळीवर सगळ्या मुख्यांचा बोनस, बढती, सगळं.

पहिल्या मीटिंगला त्याने रडका चेहरा उचलला. म्हणाला, "गेटवर लोक सांगायचे, पंपाचं सील फुटतं. गॅरंटी असून बदलून देत नाहीत." ओतुलाचा बोनस गेला. पुढल्या मीटिंगला पुन्हा रडका. स्टोअरकीपरची बढती गेली. मग मात्र सगळ्या मुख्यांनी एकत्र बसून विचार केला. हा विचार मला ओतुलाने स्वतः समजावून सांगितला, मी ट्रक रिकामा करत होतो तेव्हा.

"हे बघा, सील नैरोबीहून यायला दोन महिने. तिलापिया मासा तळायला अर्धा तास. आता तुम्हीच सांगा, ग्राहकाला लवकर कशाने खूश करता येईल?"

मी म्हटलं, "तिलापियाने."

"मग मी काय वेडा आहे सील मागवायला?"

त्या दिवसापासून कंपनीची सगळी गाडी रुळावर आली. वर्कशॉपचे मिस्त्री सकाळी तळ्यावर मासे आणायला जायचे. विक्रीवाले त्याच्यासाठी गोष्टी पाठ करून यायचे आणि भिंतीकडे बघून सांगायचे. स्टोअरकीपरने त्याला नवे बूट दिले, आणि न्हावी बोलावून दाढी करवली, हसू नीट दिसावं म्हणून. एकाने तर गुदगुल्यांसाठी लांब काठीला पीस बांधलं होतं, कारण हात लावायची सोय नव्हती. पंप तेवढे कुणी बघेना. बिघडलेले पंप अंगणात इतके साचले की त्यांत बगळ्यांनी घरटी केली. आणि न्यांगवेसो? पोट भरलं, बूट मिळाले, बोलायला माणूस नाही. माणूस कशाशी भांडणार? तो हसरी फळी उचलायला लागला. आठवड्यामागून आठवडा हसरी फळी. रादिंग साहेबांनी तिचा फोटो नैरोबीला मालकांना पाठवला.

"खाऊन खाऊन माजला म्हणा की," ओडेरा म्हणाला.

"तुला कुणी एवढा मासा घालून पाहू दे, मग बोल."

मग कोरडे दिवस आले. आपोन्दीचा पंप बंद पडला. तोच पंप, तेच सील. टोमॅटो फुलावर आलेले. तिने पंप हातगाडीवर घातला, आणि तळ्यापासून ढकलत गेटवर आली. तिथे नवा वॉचमन.

"काय पाहिजे, मावशी?"

"पंप बिघडलाय. गॅरंटीतला आहे."

"कुणाचा?"

"माझाच. मी ग्राहक आहे."

"ग्राहक आत आहे. आत्ताच जेवला. त्याची काही तक्रार नाही."

"अरे, तो माझा भाऊ आहे."

"मग घरीच विचारायचं ना त्याला. भर उन्हात इथवर कशाला आलात?"

तिने हातगाडी वळवली. संध्याकाळी ती भावाच्या खोलीवर गेली. खोली कंपनीचीच, गेटामागची. ती आत आली आणि त्याचे बूट बघत उभी राहिली.

"छान आहेत," ती म्हणाली.

"बस, आपोन्दी. तू तरी बोल माझ्याशी."

"बोलायला वेळ नाही, भाऊ. परवापर्यंत पाणी मिळालं तर फूल धरेल. नाही तर या वर्षी काही नाही. जमीन खंडाने घेतलीय, मालक पुढल्या वर्षी मला देणार नाही."

न्यांगवेसो मग म्हणाला, "परवाच नैरोबीहून मालक येतायत, खुर्ची बघायला. त्यांच्यासमोर मी रडका चेहरा उचलतो. तुझ्या पंपाचं सांगतो. त्यांनी म्हटलं की तिथल्या तिथे होईल."

"तू बोलशील?"

"मीच तर ग्राहक आहे, पोरी. तू पंप घेऊन गेटवर उभी राहा. खिडकीतून मला दिसशील, म्हणजे मला धीर येईल."

आता रादिंग साहेब काही मूर्ख नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी त्याला बोलावून घेतलं. चहा दिला. म्हणाले, "न्यांगवेसो, कुठला चेहरा उचलायचा ते तुझं तू ठरव. मी कोण सांगणारा? तू माझा साहेब. फक्त एवढं ध्यानात असू दे, गेटवर आता दुसरा माणूस आहे. आणि रडणारा ग्राहक कंपनीला काय करायचाय? दुसरा कुणी बसेल. मग ती खोली त्याला लागेल."

न्यांगवेसो चहा पुरा प्यायला आणि उठला.

"झालं," ओडेरा म्हणाला. त्याने पेला खाली ठेवला होता आणि त्याचं एक गिऱ्हाईक मोटरसायकलपाशी ताटकळत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. "उचलला का मग रडका?"

गोष्ट सांगणाऱ्याला असा क्षण रोज मिळत नाही. मी सावकाश नाक शिंकरलं.

म्हटलं, मालक आले. तीन गाड्या, सगळ्या काळ्या. खुर्चीभोवती फुलं. न्यांगवेसो बसला होता, पाठ ताठ. मुख्य मालकाने विचारलं, "काय ग्राहकसाहेब, खूश ना?" न्यांगवेसोने हसरी फळी घेतली आणि गुडघ्यावर मोडली. सरळ चेहऱ्याची घेतली, ती मोडली. रडकी घेतली आणि मालकाच्या हातात दिली. म्हणाला, "ही तुम्ही धरा. ग्राहक बाहेर उभा आहे." मग तो उठला, ती लाल खुर्ची डोक्यावर घेतली, सगळ्यांमधून चालत गेटवर गेला, आणि आपल्या हाताने आपोन्दीला तिच्यात बसवलं. मालक मागे, रादिंग साहेब मागे, ओतुला मागे, सगळी रांग. साहेबांनी कोट काढला, त्या चकचकीत बुटांनिशी मातीत बसले आणि पंप उघडला. सील नव्हतं तर स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याचं कातडं कापून सील बसवलं. पाणी असं उडालं की मालकांच्या तिन्ही गाड्या धुवून निघाल्या. मी माझ्या डोळ्यांनी...

"खोटं," अकेयो म्हणाली.

तिने झारा कढईच्या कडेला ठेवला होता. तेल शांत झालं होतं.

"पाणघोडा ठीक आहे, जादुओंग," ती म्हणाली. "हे नाही. तुम्ही त्या दिवशी अंगणात ट्रकमध्ये झोपला होतात. आत चहा घेऊन मी गेले होते."

मी रिकामा पेला तोंडाला लावला.

"त्याने रडकी फळी हातात घेतली होती, ते खरं. अर्धी वर केलीही होती. रादिंग साहेब काही बोलले नाहीत, त्यांनी नुसतं खिशातून त्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग त्याने ती फळी खाली ठेवली आणि हसरी उचलली. मोठे मालक म्हणाले, फळी नको, तुझं तोंड दाखव. तेव्हा तो हसला. त्यांनी फोटो काढले. चहा झाला, केक झाला, गाड्या गेल्या. मी कपबशा गोळा करायला आले तरी तो तिथेच हसत बसला होता. आता थांब, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बोलत कोण होतं त्याच्याशी?"

"आणि बहीण?" ओडेराने विचारलं.

"गेटबाहेर होती, हातगाडीला टेकून. मी खरकटं टाकायला गेले तर माझा हात धरला तिने. म्हणाली, 'काम झालं गं माझं. खिडकीतून भाऊ हसताना दिसला.'"