भिवराच्या हातची गाठ

मी लोखंडाची आहे. गोड बोलायची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. जसं घडलं तसं सांगते.

जन्मानं मी छत्रीची काडी. निजामाच्या राज्यात परभणीहून एक गिरदावर साहेब गावोगावची पिकं बघत हिंडायचे, त्यांच्या काळ्या छत्रीत आम्ही सगळ्या काड्या, बहिणी-बहिणी मिळून एका माणसाचं डोकं सावलीत ठेवायचो. काम काही वाईट नव्हतं. एकदा पेडगावच्या शिवारात वावटळ आली आणि छत्री उलटी झाली. साहेबांनी झटकून बघितली, मिटेना, तशी बांधावर फेकली आणि पुढं गेले. वस्तू एका कामातून गेली तरी दुसरं काम करू शकेल, हे माणसांच्या डोक्यात येत नाही.

भिवराच्या डोक्यात आलं.

भिवराबाई मेंढ्या राखणाऱ्या घरातली धाकटी सून. एकदा लोकर विकायला नवऱ्याबरोबर परभणीला गेली, तेव्हा तिथं स्टेशनमास्तरची बायको ओसरीवर बसून वाकड्या तोंडाच्या सुईनं काहीतरी विणत होती. भिवरा तिच्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. गाडी निघून गेली, नवरा ओरडला, ही हलली नाही. हात कसा फिरतो ते तिनं डोळ्यांनी उचलून घरी आणलं. सुई मात्र आणता आली नव्हती.

मला बांधावरनं उचलून ती सटवाजी लोहाराकडं गेली.

"इतकुसं तोडून टोक वाकवून दे," म्हणाली.

"काय करतीस ह्याचं? कान कोरतीस?"

"तू वाकव. कान कोरायचे का लोकायची नाकं, ते मी बघते."

सटवाजी हसला आणि मला भट्टीत सारलं. तापायचं, ठोकून घ्यायचं, कानशीवर घासून घ्यायचं, हे सगळं झालं. बाहेर आले तेव्हा माझं तोंड वाकडं होतं आणि मला नवा धंदा लागला होता.

पहिली कानटोपी दीर आश्रुबाला घातली. ती थेट नाकापर्यंत उतरली. "हिच्यात मेंढी सुदिक आंधळी व्हईल," म्हणत तो अंगणात चाचपडत हिंडला. सगळं घर हसलं. भिवरानं टोपी उसवली आणि परत विणली. या खेपेला अशी, की आधी हसलेल्यालाच तशी टोपी मागताना लाज वाटावी.

टोप्या थंडीपुरत्या. बारमाही लागतात त्या पोती. काळ्या मण्यांची पोत कोणत्या बाईच्या गळ्यात नसते? पण दोऱ्यात नुसते मणी ओवलेले असले की कडेवरचं लेकरू ओढतं, दोरा जातो आणि मणी घरभर. वर त्याला तुटली म्हणायची सोय नाही, वाढली म्हणायचं. आणि मग दिवसभर मनाला घोर.

भिवरानं काय केलं, तर मणी आधी दोऱ्यात भरून घेतले आणि माझ्या तोंडानं एकेक मणी टाक्यात घेत पोत विणली. दोरा पायाच्या अंगठ्याला ताणून धरायचा, मी आत शिरायचं, मणी ओढून आणायचा, टाका घट्ट बसवायचा. अशी पोत लेकरानं ओढली तरी जागची हलत नव्हती. फक्त एक होतं. विणकाम सगळं शेवटच्या गाठीवर उभं. ती सुटली आणि दोरा ओढला गेला, की टाक्यामागं टाका निघत जातो.

धंदा नीट लागला आणि त्याच वर्षी पटकीच्या साथीत भिवराचा नवरा गेला.

इथून खरा प्रश्न सुरू झाला. विधवेच्या हातची पोत सवाशीण घालत नाही. मणी तेच, दोरा तोच, मीही तीच, पण विधवेचा हात कोणाला चालेना.

पाथरीकडून भाऊ आला. भुजंग त्याचं नाव. दारात बसून, भाकर खाऊन मग बोलला. "एक जागा बघितलीय. म्हसरं हायेत, घर हाय. पाट लावून टाकू."

"त्यो खोकणारा म्हातारा ना? मागल्या जत्रंत बघितला म्या. त्याला बायको न्हाई पायजे, शेक द्यायला माणूस पायजे."

"भिवरे, मी तुला जन्मभर पोसू का?"

"कोण म्हणलं पोस म्हणून? माहं हातकाम हाय."

भुजंग वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरी खाणारी तोंडं बरीच होती. त्यानं सरळ सांगितलं, "हात चालतोय तवर ऱ्हा हितं. ज्या दिवशी काम बंद पडंल त्या दिवशी गाडी घिऊन येतो. मंग काही बोलायचं न्हाई." भिवरा हो म्हणाली. तिच्या सबंध पुढच्या आयुष्याचा सौदा एवढ्यात मिटला, आणि त्यातला अर्धा भार माझ्यावर आला.

वाट काढली ती थोरल्या जावेनं, आश्रुबाच्या बायकोनं. कासाबाई. तोंडानं फाटकी, मनानं बरी. "पोत तू इण," म्हणाली. "शेवटची गाठ मी मारते. गाठ सवाशिणीची म्हंजी पोत सवाशिणीची. नाव माहं सांगायचं."

तेव्हापासून भिवरा आतल्या खोलीत विणायची आणि कासाबाई बाहेर येऊन गाठ मारायची. बायका कासाबाईला म्हणायच्या, काय हात हाय बाई तुमचा. कासाबाई पदर सावरून म्हणायची, देवाची देणगी. आत भिवरा मला असं दाबायची की माझं लोखंड दुखायचं. गिऱ्हाईक गेलं की कासाबाईच आत येऊन म्हणायची, "देवाची देणगी चहा मागायलीय, ठिव आधण." मग दोघी हसायच्या. पण माझ्या लक्षात आलं होतं. कासाबाईला ते कौतुक गोड लागायला लागलं होतं. बाजाराच्या दिवशी ती जरा जास्तच नटून बसायची.

वर्षं गेली. ज्या साली रझाकारांची भीती गावोगाव पसरली होती आणि माणसं बाजाराला जायलाही कचरत होती, त्या साली किशनरावांच्या धाकट्या लेकीचं, तानूचं लग्न निघालं. किशनराव गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, पोत कासाबाईला सांगितली. सोन्याचं डोरलं मधोमध घेऊन विणायची होती. भिवरानं ती अशी विणली की मला माझा अभिमान वाटला.

नेमकी शेवटच्या गाठीच्या वेळी कासाबाई बाहेर बसली. गोठ्याशेजारी घोंगडी टाकून, कशालाही शिवायचं नाही. ती उठायच्या आत लग्नाचा मुहूर्त येत होता.

"दुसऱ्या कोण्या सवाशिणीला बोलव," तिनं गोठ्यातून सांगितलं.

"अन् तिला काय सांगू? आजवरच्या समद्या पोती कोणी इणल्या ते?"

कासाबाईनं घोंगडी डोक्यावरनं ओढून घेतली. भिवरानं दोरा अंगठ्यात ताणला, मला आत घातलं आणि गाठ स्वतः मारली. इतक्या पोतींत पहिल्यांदाच तिनं शेवटपर्यंतचं काम केलं. गाठ पहिल्या ओढीतच घट्ट बसली. मी तिच्या हातातच होते, मला माहीत आहे.

दुपारी पोत घेऊन ती किशनरावांच्या घरी गेली. मला सवयीनं अंबाड्यात खोचलं होतं. मांडव घातला होता, बायका गव्हल्या, हळदी, पाहुणे यांच्यात गुंतल्या होत्या. नर्मदाबाईंनी पोत हातात घेतली, उन्हात धरून बघितली आणि खूश झाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला.

"कासाबाई तर बाहेर बसलीय म्हणं. मंग गाठ कोणी मारली?"

खोटं बोलता आलं असतं. शेजारणीचं नाव घेता आलं असतं. भिवरा म्हणाली, "मी."

"तू?"

"मीच. अन् इणली बी मीच. तुमच्या गळ्यातली बी मीच इणलीय."

नर्मदाबाईंचा हात आपोआप गळ्याशी गेला. बायका गोळा झाल्या. कोणी म्हणालं, अवदसा. कोणी म्हणालं, आधी ती गाठ सोडा, सवाशिणीच्या हातानं मारा, म्हंजी झालं. नर्मदाबाईंनाही ते पटलं. त्यांनी नखानं गाठ सोडली आणि दोरा नीट धरायला म्हणून ओढला.

"ओढू नका," भिवरा म्हणाली.

तोवर उशीर झाला होता. टाक्यामागं टाका सरसर निघाला. मणी मांडवभर झाले. डोरलं घरंगळत मांडवाच्या कडेच्या चुलीपाशी गेलं. नर्मदाबाईंच्या हातात नुसता दोरा राहिला, आणि मुहूर्त संध्याकाळचा.

नवरी मागच्या दारात उभी राहून रडायला लागली. नर्मदाबाई खाली बसल्या आणि एकदम हलक्या आवाजात बोलल्या. मालकीणबाईंचा आवाज नव्हता तो. "माझी थोरली वरसाच्या आत कुंकू पुसून परत आली, भिवरा. मला भ्या वाटतं गं. दुसरं काही न्हाई."

"मला कळतं ते," भिवरा म्हणाली. "थोरलीची पोत कोणी गाठली व्हती?"

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. थोरली लेक धुरपता तिथं उभी होती. शुभकार्यात तिनं पुढं यायचं नव्हतं, म्हणून सकाळपासून आत पोळ्या लाटत होती.

"पाच सवाशिणींनी," ती म्हणाली. "गाणी म्हणत गाठली व्हती."

"धुरपता, तू आत जा," नर्मदाबाई म्हणाल्या.

धुरपता आत गेली नाही. सूप घेतलं आणि मांडवात वाकून मणी वेचायला लागली. तिची आई तिच्याकडं बघत राहिली. मग आपणही गुडघ्यावर आली आणि वेचायला लागली. थोड्या वेळानं भिवराला म्हणाली, "बस. कर लवकर."

भिवरा मांडवातच बसली, आतल्या खोलीत नाही. मला अंबाड्यातून काढलं, पदराला पुसलं आणि सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा मी उघड्यावर, सगळ्यांच्या समोर विणत होते. सुरुवातीला कुजबुज होती, नंतर बायका हात बघायला लागल्या. दिवस कलता कलता पोत संपत आली आणि शेवटची गाठ राहिली.

भिवरा थांबली. तिनं नर्मदाबाईंकडं बघितलं. दोरा पुढं केला नाही, नुसतं बघितलं.

नर्मदाबाई उठल्या. "अगं, हळदीचं ताट कुठं ठेवलं कोणी?" असं म्हणत पाठ फिरवून आत गेल्या. ताट त्यांच्या समोरच होतं.

भिवरानं गाठ मारली. मी ती दोनदा ओढून घट्ट केली.

लग्न लागलं. पण गोष्ट गावात राहिली नाही. रांडवेच्या हातची पोत, असं पाथरीच्या बाजारापर्यंत गेलं. टोप्या घेणारे येत होते, पोतीला कोणी येईना. मी कोनाड्यात पडून होते. भिवरा रोज मला पुसायची आणि परत ठेवायची.

आणि एक दिवस भुजंग गाडी घेऊन आला. गाडीत नवं लुगडं होतं.

"तुह्यं माह्यं ठरलं व्हतं," तो म्हणाला.

भिवरा नाही म्हणाली नाही. शब्द दिला होता तो दिला होता. तिनं गाठोडं बांधायला घेतलं. लोकर, टकळी, दोन लुगडी. मला हातात घेतलं आणि कुठं ठेवावं ते तिला सुचेना.

तेवढ्यात कासाबाई बाहेर आली. हळकुंड बांधलेला एक दोरा तिनं आधी गळ्यात घातला, कारण पोत काढली की गळा मोकळा ठेवत नाहीत. मग आपली पोत काढली आणि भिवराच्या मांडीवर टाकली. ओसरीवर पाणी पिणारा भुजंग होता, शेजारच्या दोघी होत्या, आश्रुबा मेंढ्या सोडायचा थांबला होता.

"इरलीय," कासाबाई म्हणाली. "नवी इणून दे."

भिवरा कळूनही न कळल्यासारखी म्हणाली, "इणते. गाठीला तुमाला हाक मारते."

"मला कामून? मी काय तुह्या जल्माला गाठी मारायला बसलीय का? तूच मार. शेवटपस्तोर." मग आश्रुबाकडं वळून म्हणाली, "तुमाला काही भ्या वाटायलंय का?"

आश्रुबानं डोकं खाजवलं. "मला बाजारातून मेंढी परत आणायचं भ्या वाटतं. पोतीचं मला काय कळतंय," म्हणाला आणि मेंढ्यांमागं गेला.

भिवरा विणायला बसली. भुजंग बघत राहिला. शेजारच्या दोघींतली एक पुढं सरकली आणि आपल्या पोतीचा सैल टाका दाखवून म्हणाली, हे बी बघ बरं जरा. भुजंगानं बैलांना पेंडी टाकली, जेवला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. लुगडं मात्र ठेवून गेला. ते भिवरानं अजून नेसलं नाही.

आता निजामाचं राज्य गेलं म्हणतात. बाजार परत भरतो. अजूनही काही बायका भिवराच्या दारावरून पुढं जातात, गळा झाकून. जाऊ द्या. ज्या येतात त्या विचारत नाहीत, आणि विचारलं तर ती लपवत नाही. भिवराकडं आता हैदराबादहून आलेली चकचकीत सुई आहे. माझं तोंड झिजून गुळगुळीत झालंय, दोरा धरून राहत नाही. मला कुडाच्या भिंतीत खोचलंय. कासाबाई माझ्यानं चिमणीची वात वर ओढते आणि कोणी बघत नसलं की कानही कोरते.

तक्रार नाही. एवढंच मागणं, की मला उकिरड्यावर टाकू नका. लेकराच्या पायात घुसेन. भिंतीतच असू द्या. इथून ओसरी समोर पडते, आणि भिवरा आता ओसरीवर बसून विणते.