लाल ठिपका

सर्वमंगलाने गाडीच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि उठता उठता मान वाकडी करून चाकाच्या आत बघितलं. लाल ठिपका जागच्या जागी होता. मोबाइलचा उजेड टाकून तिने खात्री केली, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही लिंबू ठेवलं, तिथेही डोकावली. तिथलाही ठिपका जसाच्या तसा होता.

"सापडलास," ती पुटपुटली आणि हात झटकून उभी राहिली.

सकलेशपूरच्या रुद्रेशच्या गॅरेजसमोर आयुधपूजेला आलेल्या गाड्यांची रांग लागली होती. बंपरला केळीचे खुंट बांधलेले, आरशांना शेवंतीच्या माळा, काचांवर हळदीकुंकवाची बोटं. सगळ्यांत पुढे सर्वमंगलाची पांढरी व्हॅन, तिच्यामागे मिरीच्या व्यापाऱ्याची जीप, मग एक रिक्षा, मग पोस्टातल्या नंजुंडप्पाची निळी गाडी. नंजुंडप्पाची पोरं सकाळपासून त्या गाडीत चढून बसली होती आणि बाप ओरडला की तेवढ्यापुरतं हॉर्न वाजवायचं थांबवत होती.

व्हॅन जुनीच होती. डोंगरावरच्या कॉफीच्या मळ्यांवर सर्वमंगला दुपारचं जेवण पोचवायची. रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या करून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा एका मळ्याच्या मॅनेजरची ही गाडी तिने घेतली आणि घेतल्या घेतल्या रुद्रेशच्या हवाली केली. तो म्हणाला होता, "अक्का, बॅटरी, पट्टा, शॉकअप, ब्रेक, सगळं नवं टाकून देतो. डोळे मिटून चालव."

डोळे मिटून चालणाऱ्यांतली ती नव्हतीच. लग्नकार्याचा स्वयंपाक करणारी बाई. दहा घरच्या भांड्यांत आपली भांडी हरवू नयेत म्हणून तिच्या प्रत्येक पातेल्याच्या, झाऱ्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका असे, आणि त्या ठिपक्याच्या जोरावर तिची साधी पळीसुद्धा कधी परक्या घरी राहिली नव्हती. गाडी गॅरेजात सोडायच्या आदल्या संध्याकाळी तिने लेकीची बाटली घेतली आणि गाडीच्या जुन्या सामानावरही तसेच ठिपके ठेवले. नवं सामान आलं की ठिपका गेला पाहिजे, इतका सरळ हिशेब.

गाडी परत आली तेव्हा बॅटरीवरचा ठिपका गेला होता, पट्ट्यावरचाही गेला होता. तेवढं बघून ती निश्चिंत झाली. पण खड्ड्यांतून सांबाराचा डबा असा काही हिंदकळायचा की मळ्यावर पोचेपर्यंत निम्मं सांबार गाडीला वाढलेलं. काल पूजेसाठी गाडी धुताना तिने पाइप घेऊन चाकाच्या आत हात घातला आणि दोन्ही शॉकअपवरचे दोन ठिपके तिच्याकडे बघत होते.

कालच जाऊन त्याची गचांडी धरता आली असती. तिनेच आजचा दिवस ठरवला. आज त्याचे सगळे पाने, हातोडे, जॅक केळीच्या पानांवर मांडलेले असतील, त्यांच्यावर फुलं असतील, आणि रोज ज्यांच्यावर पोट भरतं त्यांच्यासमोर उभं राहून खोटं बोलायला माणसाची जीभ चाचरणारच. ती मजेत होती. आज नवं लुगडंही नेसून आली होती.

गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून रुद्रेशची आई होन्नम्मा बसली होती. रेशमी लुगडं, मांडीवर चुरमुऱ्यांची परात. येईल त्याच्या ओंजळीत ती चुरमुरे आणि डाळं घालायची आणि सोबत एखादा टोमणाही फुकट द्यायची.

"ये गं मंगला. लेक कशी आहे? आठवा ना?"

"आठवा सरत आला, अम्मा. परवाच हासनच्या दवाखान्यात दाखवून आणलं."

"आणि तुझी ही म्हातारी?" होन्नम्माने व्हॅनकडे हनुवटी केली.

"ती पळते की. कुरकुरते जरा. तुमच्यासारखीच."

होन्नम्मा खूश होऊन हसली आणि तिने सर्वमंगलाला मूठभर चुरमुरे जास्त दिले.

रुद्रेश आरतीचं ताट घेऊन आला. पन्नाशीचा गडी, कपाळभर विभूती, पांढरी स्वच्छ लुंगी. त्याने व्हॅनला ओवाळलं, काचेवर तीन बोटं कुंकू ओढलं, मग कुंकू भरलेला कोहळा गाडीवरून उतरवून रस्त्यावर आपटला. लाल फोडी चौफेर उडाल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"घे अक्का, झाली तुझी गाडी नवीकोरी."

"नवीकोरी?" सर्वमंगला दोन पावलं गॅरेजात शिरली आणि केळीच्या पानांसमोर उभी राहिली. "रुद्रेशण्णा, जरा इकडे ये. ह्यांच्यासमोर सांग. शॉकअप नवे टाकलेस ना?"

रुद्रेश थबकला. क्षणभरच. मग त्याने वाकून सगळ्यांत मोठ्या पान्याला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि हसला.

"नवे कोरे, अक्का. ह्यांची शपथ."

तिला वाटलं होतं, जीभ चाचरेल. चाचरली नाही. तिला त्याच्या फसवण्यापेक्षा त्या हसण्याचाच राग जास्त आला. ह्याच्या बापाने तिच्या बापाची जीप वर्षानुवर्षं सांभाळली होती. ठिपक्यांची गोष्ट अगदी ओठांवर आली, पण तिने ती चुरमुऱ्यांबरोबर चावून गिळली. चार लोकांत ओरडलं असतं तर त्याने चार लोकांत काहीतरी थाप मारली असती. ह्या माणसाला ऐकवायला ह्याच्याच घरचं तोंड हवं होतं, आणि ते तोंड दारात खुर्ची टाकून बसलं होतं.

पूजा झाली की होन्नम्मा दर वर्षी डोंगरावरच्या देवीला जायची. मुलाच्या गाडीतून जायची, पुढच्या मऊ सीटवर. डोंगराचा तो रस्ता म्हणजे नुसते खड्डे. सर्वमंगला तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अम्मा, यंदा देवीला माझ्या गाडीतून चला. पहिली पूजा तिची झालीय, पहिला मान तिचा."

"तुझ्या?"

"रुद्रेशण्णाने सगळं नवं टाकलंय. शपथेवर सांगतोय. पाळण्यात बसल्यासारखं वाटेल तुम्हाला."

तिला ते सगळं आधीच दिसत होतं. पहिल्याच खड्ड्यात म्हातारीचं कंबरडं आदळेल, दुसऱ्यात ती लेकाचा उद्धार सुरू करेल, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळेल की रुद्रेशने काय शॉकअप घातलेत. स्वतः एक शब्दही बोलायची गरज नव्हती.

होन्नम्माने परात बाजूला ठेवली. "चल. त्याच्या गाडीत त्या अत्तराच्या बाटलीने मला मळमळतं."

ती उठून व्हॅनकडे निघालीसुद्धा. सर्वमंगलाने दार सरकवलं, म्हातारीला हात दिला, आणि वळून मुद्दाम रुद्रेशकडे पाहिलं. हसत होती ती. पण त्याचा चेहरा बघून तिचं हसू अर्धवटच राहिलं. शॉकअपसाठी माणूस एवढा पांढरा पडत नाही.

"अम्मा, उतर. मी नेतो ना तुला."

"बसले मी. गुडघे काय तुझ्या बापाने नवे टाकून दिलेत, सारखी चढू उतरू?"

"तिला अजून सवय नाही गाडीची."

"रोज मळ्यावर जाते ती. रोज उतरते. काय गं मंगला?"

"रोज," सर्वमंगला म्हणाली.

"मग निदान मी चालवतो."

"तू पूजा आटप. लोक खोळंबलेत." होन्नम्माने आतून दार ओढून घेतलं. "चल गं."

सर्वमंगला पुढे बसली. तिने किल्ली लावली. गॅरेजपासून नदीपर्यंत सरळ उतार, मग पूल, मग पलीकडे डोंगर. तिने इंजिन सुरू केलं तसा रुद्रेश धावत आला आणि गाडीसमोर उभा राहिला, दोन्ही हात बॉनेटवर टेकून.

"बंद कर," तो म्हणाला. "अक्का, बंद कर."

तिने बंद केलं.

तो गॅरेजात गेला. केळीच्या पानांसमोर जरा वेळ नुसता उभा राहिला. मग त्याने फुलं बाजूला केली आणि चाकाचा पाना उचलला.

रांगेतली कुजबुज थांबली. आयुधपूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवसाची पूजा झाल्याशिवाय कुणी उचलत नाही. रुद्रेशच्या वडिलांनी जन्मात कधी उचललं नव्हतं. एका वर्षी मळ्याचा मालक स्वतः दारात गाडी बंद पडून उभा राहिला, तर त्याला कॉफी पाजून ते म्हणाले होते, उद्या या.

"रुद्रा," होन्नम्मा आतून म्हणाली. "काय करतोस? ठेव ते."

त्याने ठेवलं नाही. त्याने जॅकही आणला. पुढचं चाक वर उचललं, खाली ठेवलेलं लिंबू पायाने बाजूला सारलं आणि नट सोडवायला लागला. पान्यावरचं कुंकू त्याच्या तळव्याला लागलं, तळव्याचं लुंगीला लागलं. चाक निघालं.

सर्वमंगला खाली उतरून त्याच्या मागे उभी होती. चाक निघाल्याबरोबर तो लाल ठिपका उघडा पडला, दिवसाच्या उजेडात, शेजारच्या जीपवाल्यालाही दिसेल असा. तिने तोंड उघडलं होतं. एवढी वाट बघून हाच तो क्षण होता. पण रुद्रेशने त्या शॉकअपकडे पाहिलंदेखील नाही. त्याने ब्रेक उघडला.

आतले पॅड काढून त्याने जमिनीवर ठेवले. त्यांच्यावर काहीच उरलं नव्हतं. पत्र्याला पत्रा घासून चकचकीत झाला होता.

गाडी परत आल्यापासून ब्रेकचं पॅडल जरा खोलच जायचं. तिने फोन केला होता, तेव्हा तो म्हणाला होता, नवे आहेत अक्का, बसायला थोडा वेळ लागतो. तिला ते पटलं होतं. ठिपके लावत होती त्या संध्याकाळी ब्रश घेऊन तिचा हात ब्रेकपर्यंत गेला होता, आणि तिने तो मागे घेतला होता. ब्रेकमध्ये कोण फसवील? असा संशय घेणंसुद्धा रुद्रेशच्या बापाचा अपमान केल्यासारखं वाटलं होतं तिला. परवा ह्याच गाडीतून लेकीला, चैत्राला घेऊन ती घरापुढचा उतार उतरली होती. चैत्रा दोन्ही हात पोटावर ठेवून म्हणाली होती, अम्मा, हळू. आणि ती वर हसली होती लेकीला.

तिने व्हॅनच्या दाराची कड धरली.

रुद्रेश कपाटाकडे गेला. कपाटालाही आज हार घातला होता. त्याने हार वर सारून दार उघडलं आणि एक नवा खोका काढून आणला. चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. त्याने ती दातांनी तोडली. तिच्याकडे न बघता नवे पॅड बसवले, चाक चढवलं, पलीकडच्या बाजूला गेला आणि तिथलंही चाक उतरवलं. निळ्या गाडीतला हॉर्न तेवढा एकदा वाजला आणि थांबला.

दोन्ही चाकं झाल्यावर तो उठला. घामाने विभूती ओघळून डोळ्यांत गेली होती.

"शॉकअप उद्या टाकतो," तो म्हणाला.

"उद्या सकाळी," सर्वमंगला म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा ठाम निघाला. "मी समोर बसून टाकून घेणार. आणि मागची चाकंही उघडायची."

त्याने मान हलवली. गाडीच्या उघड्या खिडकीशी येऊन तो आईला म्हणाला, "जा आता. काही होत नाही."

होन्नम्मा हलली नव्हती. तिचा हात पुढच्या सीटच्या पाठीवर होता आणि नजर लेकाच्या तळव्यावर, कुंकू आणि तेल एकत्र कालवलेल्या. तोंडात दात नसले तरी ह्या बाईच्या तोंडाला सगळी गल्ली टरकून असायची. आज तिने आवाज चढवला नाही.

"मी नाही जात," ती म्हणाली. "हत्यार उचललंच आहेस, तर आता खाली ठेवू नकोस."

"अम्मा..."

"मागे रांग लागलीय. ह्यातल्या कुठल्या कुठल्या, ते मला नको सांगूस. तुला माहीत आहे. मी इथेच बसलेय."

लोक आपापल्या गाड्यांपाशी होते. कुणी वाकून आपल्या चाकांकडे बघत होतं, कुणी रुद्रेशकडे. मग त्याने जॅक उचलला आणि रांगेच्या कडेकडेने चालू लागला. मिरीच्या व्यापाऱ्याची जीप आली, ती त्याने मागे टाकली. व्यापाऱ्याने सुस्कारा सोडला. रिक्षा आली, तीही मागे टाकली.

निळ्या गाडीपाशी येऊन तो थांबला आणि त्याने जॅक खाली ठेवला.

नंजुंडप्पाला अजून कळलंच नव्हतं, तो हातात नारळ घेऊन हसत उभा होता. सर्वमंगला भराभर चालत गेली, तिने त्या गाडीचं दार उघडलं आणि आतल्या पोरांना एकेकाला काखेत धरून खाली उतरवायला लागली.