माझ्या पोटातली मोसंबीची बाग

मित्रांनो, तुमच्या घरी टीव्हीखाली एखादा काळा डबा धूळ खात पडला असेल, तर तो माझा भाऊबंद समजा. मी एक जुना गेम कन्सोल आहे. पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात राहतो. सध्या माझ्या कपाळावर हळदीकुंकू आहे. ते कसे लागले, तेच सांगतो.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. सोनिया सहावीत असताना तिच्या वाढदिवसाला मी या घरात आलो. काय माझा थाट होता! गल्लीतली मुले दाराशी चपला टाकून माझ्यापुढे बसत. पुढे सोनियाला मोबाइल मिळाला, ती इंजिनिअरिंगला गेली आणि मी कपाटावर गेलो. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटले.

मग गुडघ्यांच्या इलाजासाठी पाचोडहून तिच्या आजी आल्या, दगडाबाई. "दिसभर भिंतीकडं बघून लई कंटाळा येतो गं," असे त्या म्हणाल्या, तेव्हा सोनियाने मला खाली उतरवून शेतीचा एक खेळ लावून दिला. पहिल्या दिवशी आजींनी कंट्रोलर उलटा धरला. महिन्याभरात त्यांनी मोसंबीची बाग लावली! गुडघे बरे झाले, तरी दर रविवारी त्या एसटीने ही बाग बघायला येतात. त्यांची दोन वर्षांची मेहनत माझ्या मेमरीत, म्हणजे पोटातच आहे. त्याची मला भारी ऐट.

पण यंदा माझा डिस्क वाचणारा भाग थकला आणि खेळ सुरूच होईना. कंपनीने माझ्या पिढीची दुरुस्ती कधीच बंद केली आहे. उपाय एकच होता. माझे फर्मवेअर, म्हणजे मला चालवणारा मूळ प्रोग्राम, बदलायचे. मग खेळ पेन ड्राइव्हवरून चालला असता. मात्र एखादी पायरी चुकली, तर मेमरी कोरी होणार आणि बाग जाणार.

यावरून सोनियाची आणि शेजारच्या सोमनाथकाकांची जुंपली. काका टीव्ही दुरुस्त करतात; त्यांना सगळे काम हाताने करायचे होते. सोनियाने तयार स्क्रिप्ट आणली होती. तिच्यात सगळ्या कमांड, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञा, ओळीने लिहिलेल्या असतात. एकदा बटण दाबले, की कामे आपोआप होत जातात.

"हातानं टाइप करताना एक अक्षर चुकलात तर, काका?" सोनियाने विचारले.

"आन् तुझी स्क्रिप्ट चुकली तर? मी एक कमांड देतो, जवाब बघतो, मगच दुसरी देतो."

आजी शेंगा फोडत ऐकत होत्या. "आम्ही मोटारीला ऑटो बसवलाय," त्या म्हणाल्या. "लाइट आली की मोटार आपली आपण चालू होती. पर पाणी कुठं चाललंय ते बघाया माणूस बांधावर लागतंच की. नायतर सगळं पाणी शेजाऱ्याच्या रानात!"

मग जरा तणतणतच सोनियाने स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक ओळ वाढवली. मेमरीची प्रत पेन ड्राइव्हवर नसेल, तर पुढे जाऊ नको.

रविवारी सकाळी मला लॅपटॉपला जोडले. नव्या कामाला आधी थोरांचा हात लागायचा, ही या घरची रीत. सोनियाने मला हळदीकुंकू लावले, काकांनी नारळ फोडला. "आजी, हे बटण तू दाबायचं बरं का," असे म्हणून सोनिया प्रत घेण्यासाठी पेन ड्राइव्ह आणायला वळली. आजींना वाटले, मुहूर्त झाला. त्यांनी हात जोडले आणि बटण दाबलेसुद्धा!

"आजी! अजून कॉपी घेतली नव्हती!" सोनिया ओरडली.

काकांचा हात वायरीकडे गेला.

"वायर ओढू नका, काका! मधेच बंद पडला तर कायमचा जाईल."

जाणार म्हणजे मी, मित्रांनो! पण मला माझे काही वाटले नाही. आजींचा चेहरा बघवत नव्हता. "गेली का गं माझी बाग?" त्या पुटपुटल्या.

पडद्यावर एक ओळ उमटली. 'प्रत सापडली नाही. काम थांबवले आहे.'

काका इतके हसले, की त्यांचा चष्मा घसरला. "माझ्या कटकटीनं वाचवलं, व्हय ना?"

"आणि माझ्या स्क्रिप्टनं," सोनिया डोळे पुसत म्हणाली.

मग प्रत घेण्याचे काम काकांनी हाताने केले. एक कमांड, एक जवाब. त्यातही त्यांनी भलत्याच ड्राइव्हचे नाव टाइप केले आणि सोनियाने वेळीच त्यांचा हात धरला. प्रत नीट झाल्याची खात्री पटल्यावर आजींनी तीनदा विचारून बटण दाबले. उरलेले काम स्क्रिप्टने बिनचूक केले, पण काका प्रत्येक ओळ वाचत पापणी न हलवता बसून होते.

मी पुन्हा सुरू झालो. पडद्यावर मोसंबीच्या रांगा उभ्या राहिल्या, फळांनी लगडलेल्या. आजींनी पडद्यावरून हात फिरवला. "हाय गं बाई, समदी झाडं हायती!" त्यांनी नारळाचा पहिला तुकडा माझ्यापुढे ठेवला. इतका मान मला नवा असतानाही मिळाला नव्हता.

आता सोनियाने नुसता रिमोट उचलला, तरी आजी विचारतात, "सोने, कॉपी घेतली का?"

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या डब्यातही कोणाची तरी बाग असेल. त्याला जपा. त्याचे बटण खुशाल आजीच्या हाताने दाबा, पण आजीचा हा प्रश्न त्याआधी विचारा.