उस्तादांची सही

तीन वर्षं मी मिसूरी नदी पाठ करत होतो आणि ही बया दर आठवड्याला कूस बदलत होती. सोमवारी जिथून आगबोट काढावी तिथं शुक्रवारी वाळूचा दांडा. त्या ऑगस्टात तर मी चाक धरून उभ्याउभ्या पेंगत होतो. जीव तगून होता तो एकाच आशेवर. सेंट जोसेफ बंदराला पोचलो की माझे उस्ताद, बोटीचे पायलट लेम्युएल हॅस्केट, माझ्या परवान्याच्या अर्जावर सही करणार होते. त्या सहीशिवाय मी जन्मभर शिकाऊच.

शेवटच्या दुपारी समोर पाण्यावर एक तिरपी, खरखरीत रेघ उमटली. दांड्यावरून पाणी वाहिलं की अशी रेघ पडते, आणि नुसता वारा सुटला तरी अशीच. शिकाऊ पोरांचा घात होतो तो इथंच. मी उस्तादांकडे पाहिलं. ते काठावरच्या झाडांकडे बघत तंबाखू चघळत होते.

"उस्ताद, वेग कमी करू?"

"मला काय विचारतोस? डोळे फुटले का तुझे?"

खालून कप्तान ओरडला, "अहो, बोट हाकताय की जांभया देताय?"

परीक्षा घेतायत, मला वाटलं. रेघ टोकाला विरत होती. दांड्याची असती तर विरली नसती. मी बोट सरळ घातली. तळाला काही घासलं नाही. वारा पडला आणि पाणी गुळगुळीत झालं.

"काय होतं रे ते?" उस्तादांनी हळूच विचारलं.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "वारा. तुम्हाला दिसलं नाही?"

"दोन वर्षं झाली. झाडं दिसतात, पाणी दिसत नाही. तुला काय वाटलं, दोन्ही पाळ्यांना तुलाच का उभा करत होतो? तुझ्या शिक्षणासाठी?"

असा संताप आला की रडूच फुटलं. माझी दोन वर्षांची झोप ह्या म्हाताऱ्यानं खाल्ली होती.

सेंट जोसेफला त्यांनी सही केली. कुठं करायची ते मला दाखवावं लागलं.

"आता तुमच्याजवळ कोण?"

"नवा पोरगा येतोय. शेतावरचा आहे. नदी कधी बघितली नाही त्यानं."

"कप्तानाला सांगा, उस्ताद."

"सांग की तूच. पण आंधळ्याच्या सहीला कोण विचारतो, तेही त्यालाच विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर उभा होतो. बायकापोरांसकट सव्वाशे माणसं बोटीवर चढली. कप्तानानं वरून हात हलवला. "काय पायलटसाहेब, सगळं ठीक?"

"ठीक," मी म्हणालो.

मग खोलीवर जाऊन आडवा झालो. सांगायला लाज वाटते, पण मला गाढ झोप लागली.