भोंग्यानं ऐकलेला प्रतिसाद

मी एक जुना भोंगा आहे. या देशाचा इतिहास मी स्वतःच्या तोंडानं सांगितला आहे. म्हणजे सांगणारे दुसरेच होते. तोंड तेवढं माझं.

मित्रांनो, नागपूरच्या एका कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं. तिथून लाखनीजवळच्या एका गावी आलो. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की रात्रीच्या नाटकाची घोषणा मीच करायचो. लोक म्हणायचे, काय खणखणीत आवाज आहे! मग आणीबाणी आली आणि मला सरकारी काम लागलं.

नसबंदीचं शिबिर म्हटलं की माणसं जंगलात पळत. म्हणून एके सकाळी गावच्या शाळेतल्या लक्ष्मणराव गुरुजींनी जीपमध्ये बसून माझ्यातून वेगळंच पुकारलं: ‘तलावाच्या ठेक्याची बैठक आहे. सर्व मासेमारांनी बांधाच्या पाळीवर यावं.’ ठेका म्हणजे वर्षभराची मासोळी. सगळे आले. त्यांत सुखराम होता, लग्न ठरलेला. पाळीवर बैठक नव्हती, पोलीस होते. सुखरामला शिबिरात नेलं. त्याचं लग्न मोडलं. पुन्हा जमलं नाही.

आणीबाणी उठली आणि मी शाळेच्या अडगळीत गेलो. माझ्या तोंडात चिमण्यांनी संसार थाटला. त्यांच्या पिल्लांना कोणाची हरकत नव्हती.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापिका मंजुषाताईंनी गावाचा आणीबाणीतला इतिहास लिहायला घेतला. नियम असा, की शिबिराला नेणाऱ्यानं आणि नेलेल्यानं मिळून लिहायचं. दोघांची सही नसेल ते छापायचं नाही. मला पुरावा म्हणून मेजावर ठेवलं.

आता म्हातारे झालेले गुरुजी लिहूनच घेऊन आले होते: ‘शिबिराला चांगला प्रतिसाद मिळाला.’

सुखराम म्हणाला, ‘गुर्जी, तुमी मले ठेक्याले बोलावलं अन् जीपमंदी कोंबलं. याले परतिसाद म्हंतेत?’

‘अरे बाबू, वरून कोटा होता. माणसं नाही आणली तं पगार बंद! घरी लहान पोरं होते माझे.’

‘तं तेई लिवा ना! मी कोठं नाई म्हंतो? पन माया घरी पोरं काहून नाई, तेबी लिवा. मी मेल्यावर लोकं म्हनतीन, बुढा हौसेनंच गेला होता.’

गुरुजींनी आपला कागद ताईंपुढे सरकवला. मग म्हणाले, ‘ताई, प्रतिसाद खोडा. लिहा, ठेक्याचं खोटं मी पुकारलं. जबरदस्तीनं नेलं.’

‘अन् पगार?’ सुखरामनं विचारलं.

‘राहू दे रे ते.’

‘नाई गुर्जी. कोनी करवलं तेबी त्यात आलं पायजे. नाई तं माई सही नाई भेटन.’

तेही लिहिलं गेलं. दोघांनी सह्या केल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ झटका, एवढं आमच्यासाठी पुरे. पण भोंगा गर्जू लागला, की त्यामागं कोण बसलंय आणि त्याला कोणी बसवलंय, हे विचारत जा.

ते पुस्तक आता महाविद्यालयात शिकवतात. हा धडा परीक्षेला नाही.