इजिप्तचा निळा

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि धुरपताबाईनं घरी येताच डबा उघडला. आतला हार घेऊन ती दारातल्या उजेडात गेली. मग तिनं भाचीला हाक मारली.

"धम्मे, हे मणी काळे हायेत का गं?"

चार दिवसांनी धम्मप्रियाचं लग्न होतं आणि पांढऱ्या साडीवर ती हाच हार घालणार होती.

धुरपताबाई नांदेडच्या एका कॉलेजात तीस वर्षं शिपाई होती. इतिहास विभागातल्या एका जाडजूड पुस्तकात इजिप्तच्या राणीचा गळाभर रुंद हार होता. लाल अकीक, आकाशी फिरोजा, गडद निळा लाजवर्द, असल्या खड्यांचा. कपाट पुसताना ती ते पान हमखास उघडायची. भावामागं त्याची पोर तिनंच वाढवली आणि तिच्या लग्नात तसा हार करायचा, हे कधीचंच ठरवलं होतं. निवृत्तीनंतर काचेचे मणी आणून सहा महिने ती ओवत बसली. पण मोतीबिंदूनं निळा रंग केव्हाच खाऊन टाकला होता. लाजवर्दाच्या जागी काळे मणी गेले, फिरोज्याच्या जागी हिरवे.

"तुला दिसलं न्हाई?"

"दिसलं आत्या. पण तू लई खुशीत होतीस."

धुरपताबाई खदखदून हसली. काळा चष्मा लावून ती लगेच ऑटोनं मण्यांच्या दुकानात गेली. दुकानदारानं निळी माळ पुढं केली, तर ती माळ घेऊन रस्त्यावर उन्हात गेली, चष्मा वर करून बघून परत आली, पुन्हा गेली. इतका निळा रंग जगात होता, हे ती विसरूनच गेली होती.

डॉक्टरांनी आठ दिवस सुईदोरा बंद सांगितला होता. म्हणून सगळा हार उसवून धम्मप्रिया ओवायला बसली आणि धुरपताबाई शेजारी बसून रंग सांगू लागली. दोन निळे, एक लाल, आता फिरोजा. तीन दिवस दोघींना जेवणाची शुद्ध नव्हती.

लग्नात जळकोटहून आलेल्या वऱ्हाडातल्या बायका नवरीभोवती गोळा झाल्या. हार कुठून आणला, म्हणून विचारू लागल्या. मी फक्त ओवला, केला आत्यानं, असं धम्मप्रियानं सांगितलं. तशी नवरदेवाची आई गर्दीतून वाट काढत धुरपताबाईपाशी आली. संकोचून म्हणाली,

"मला बी असा करून देताव का, ताई?"

धुरपताबाईनं पदर सावरला, हाताची वीत पसरली आणि भरल्या मांडवात विहीणबाईंच्या गळ्याचं माप घेतलं.