जैतूच्या हातातला कोयता

जैतूचा फोटो निघाला तो मेल्यावर. जिवंतपणी त्याचा फोटो काढावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी डोंगरावरच्या वाडीत कॅमेरा घेऊन कोण जातंय?

माझी शिळफाट्यावर चहाची टपरी होती. जैतूची आई ठमी मला लाकडाच्या मोळ्या आणून द्यायची. मोळी टाकली की टपरीमागे जमिनीवर बसायची, आणि मी तिला हाताला धरून पुढच्या बाकावर आणायची. मागे कसं बसतात ते आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या बसून पाहिलंय. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून मी मागे बसत नाही आणि माझ्या टपरीवर कुणाला बसूही देत नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मुंबईच्या एका शेठने वाडीखालचा उतार विकत घेऊन गुलाबांची बाग केली आणि वाडीच्या झऱ्याला तारेचं कुंपण घातलं. पाणी सोडा म्हणून सांगायला वाडीतली माणसं निघाली. डोंगरातला माणूस घराबाहेर पडला की कमरेला कोयता असतोच, आपण चपला घालतो तसा. पण म्हातारा मंगळ्या म्हणाला, कोयते घरीच ठेवा, शेठ भिईल. सगळ्यांनी कोयते घराच्या कुडाला, कारवीच्या भिंतीला, खोचले आणि मोकळ्या हातांनी गेले. बायकांच्या डोक्यावर रिकामे हंडे होते. शेठने ओसरीवरून दुनळी बंदूक चालवली, भरली आणि पुन्हा चालवली. चार माणसं मेली. जैतू त्यातला सगळ्यात धाकटा.

दुसऱ्या दिवशी प्रेतं वाडीत आली आणि मागोमाग पेपरवाल्यांची जीप. पोराचा फोटो काढणार हे कळल्यावर ठमी घरात धावली. कुडातला कोयता तिने उपसला, लुगड्याच्या पदराने पुसला आणि जैतूच्या उजव्या हातात नीट बसवला. त्यांच्यात माणसाला पुरताना त्याचं कामाचं अवजार सोबत देतात. शिवाय कोयत्याशिवाय पोरगा उघडा दिसला असता. फोटोवाला समोर उभा राहून हे सगळं बघत होता. ती बाजूला झाल्यावर त्याने फोटो काढला.

पेपर आला त्या दिवशी ठमी टपरीवर आली.

"गंगाबाय, जैतूचा फटू आलाय म्हनं. दाव ना गं."

पेपर मी मांडीखाली दडपून ठेवला होता. सकाळीच वाचला होता आणि डोकं भणभणत होतं. शेठचं नाव होतं, वय होतं, त्याला रात्रीची झोप लागत नाही हे होतं, त्याच्या गुलाबांना मिळालेली बक्षिसं होती. त्याचा कुत्रा गोळीबारापासून जेवला नाही, हेही होतं. त्या कुत्र्याचं नावसुद्धा छापलं होतं! मेलेल्या माणसांना मात्र नावं नव्हती. 'चार हल्लेखोर', बस्स. हंडे कुठेच नव्हते. जैतूच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'हल्लेखोराच्या हातातला कोयता मेल्यावरही सुटला नाही.'

शेवटी मी पेपर काढून तिच्यापुढे धरला. ठमीने फोटोवरून बोट फिरवलं. "गोड दिसतोय गं. नाक बापाचं हाय." मग म्हणाली, "खाली काय लिवलंय? त्याचं नाव हाय ना?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण हाच फोटो उद्या कोर्टात दाखवतील आणि तिला तिथे परक्याच्या तोंडून कळेल. मी वाचून दाखवलं.

तिचा चहा तसाच राहिला.

"पन कोयता तर मी दिला," ती म्हणाली. "तो कुडाला हुता. फटूवाल्यानं बघितलं की! माज्या म्होरंच हुबा हुता."

मी भट्टी विझवली, तिला घेतलं आणि खोपोलीत त्या पेपरच्या बातमीदाराचं घर गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. कोयता आईने ठेवला हे फोटोवाल्याने त्याला सांगितलं होतं, तेही कबूल केलं. मग म्हणाला, "बाई, बातमी जुनी झाली आता." जैतूची माती अजून सुकली नव्हती. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यानेही ते छापलं नाही.

परतताना ठमीने पेपर मागून घेतला. "घरी लावते. दुसरा फटू कुठं हाय माज्याकडं?"

पुढे बरेच दिवस ती आली नाही, म्हणून मीच वाडीवर गेले. फोटो कुडाला भाताच्या पेजेने चिकटवला होता. चेहरा तसाच, शांत. उजव्या हाताच्या जागी मात्र भोक होतं. तिने कोयता कापून काढला होता, आणि त्याची मूठ जैतूच्या मुठीत असल्यामुळे कोपरापासून हातही गेला होता. मला रडू आवरेना. तिचे डोळे कोरडे होते.

"कोयता काडला गं," ती म्हणाली. "आता त्याला कोन काय म्हननार नाय. पन त्या दिशी हात मोकळा हुता त्याचा. तो मोकळा हात आता कुटनं आनू?"